समासात लिहिलेली ओळ

एकाच पानावर तेच शब्द थोड्या अंतराने दोनदा आले, की तिथे बोट ठेवून थांबायचे, हा मुद्रितशोधनाचा पहिला धडा मला आमच्या मुद्रणालयातल्या एका वृद्ध सहकाऱ्यांनी दिला. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणत असू. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याची नजर मूळप्रतीवरून उठते, हातातल्या जुळणीकडे जाते आणि पुन्हा मूळप्रतीवर येते. येताना ती पहिल्या जागेऐवजी त्याच शब्दांच्या दुसऱ्या जागेवर टेकली, तर मधला सगळा मजकूर गळून जातो. यातली खरी अडचण अशी, की उरलेले वाक्य बहुधा सुरळीत वाचले जाते. चुकीचा शब्द डोळ्यांना खुपतो. गळालेली ओळ खुपत नाही, कारण खुपायला ती तिथे नसतेच. म्हणून नाना मूळप्रत मोठ्याने वाचत आणि मी मुद्रितावर बोट फिरवत असे. ते स्वल्पविरामसुद्धा उच्चारत.

तरीही माझ्या हातून एकदा अशी ओळ गेली. एका निवृत्त शिक्षकांच्या आठवणींचे ते पुस्तक होते, आणि त्यात ‘त्या वर्षी पाऊस लांबला’ हे वाक्य एकाच परिच्छेदात दोनदा आले होते. त्या दोन पावसांच्या मध्ये त्यांनी त्यांच्या धाकट्या बहिणीच्या मृत्यूविषयी तीन ओळी लिहिल्या होत्या. पुस्तक बांधून झाल्यावर ती गोष्ट लक्षात आली. शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत ठेवली, आणि लेखक मला एवढेच म्हणाले, की पुढच्या आवृत्तीत पाहू. पुढची आवृत्ती निघाली नाही. लेखकही आता नाहीत, आणि माझ्याकडच्या प्रतीतली ती चिठ्ठी कधी निसटून गेली, हे मलाही कळले नाही.

हे सगळे पुन्हा आठवण्याचे कारण म्हणजे यशयाची गुंडाळी. यशया हा ज्यू लोकांच्या धर्मग्रंथातला, आणि म्हणून ख्रिस्ती बायबलच्या जुन्या करारातलाही, एक मोठा संदेष्टा. त्याच्या नावावर असलेल्या ग्रंथाच्या चाळिसाव्या अध्यायात एक वाणी सांगते, की घोषणा कर. ऐकणारा विचारतो, की कशाची घोषणा करू. आणि त्यावर जे उत्तर येते, ते माझ्या शब्दांत सांगायचे तर असे आहे: सर्व देह गवत आहे आणि त्याची सारी शोभा रानफुलासारखी आहे. गवत सुकते, फूल कोमेजते, कारण परमेश्वराचा श्वास त्यावर फुंकर घालतो. खरोखर, लोक म्हणजे गवतच. गवत सुकते, फूल कोमेजते, पण आमच्या देवाचे वचन सर्वकाळ उभे राहील.

मुद्रितशोधकाची नजर इथे लगेच अडखळते. ‘गवत सुकते, फूल कोमेजते’ हे शब्द थोड्या अंतराने दोनदा आलेले आहेत. नानांनी इथे नक्की बोट ठेवले असते.

१९४७ साली मृत समुद्राच्या वायव्येला कुमरानजवळच्या एका गुहेत भटक्या बेदुइन अरब गुराख्यांना मातीच्या रांजणांत ठेवलेल्या काही जुन्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांपैकी एक म्हणजे यशयाचा जवळजवळ संपूर्ण ग्रंथ. कातड्याचे सतरा तुकडे एकमेकांना शिवून केलेली ही गुंडाळी सव्वासात मीटरपेक्षा थोडी अधिक लांब आहे आणि तिच्यात मजकुराचे ५४ स्तंभ आहेत. तिचा काळ सुमारे इ. स. पू. १२५ मानला जातो. त्याआधी हिब्रू बायबलची जी सर्वांत जुनी संपूर्ण प्रत अभ्यासकांना वापरता येत होती, ती इ. स. १००८च्या आसपासची होती. म्हणजे या एका शोधाने अभ्यासक अकराशे वर्षे मागे गेले. २०११ साली या गुंडाळीची छायाचित्रे आंतरजालावर खुली करण्यात आली. त्यामुळे पुण्यातल्या माझ्या टेबलाशी बसून, हिब्रू लिपी जेमतेम ओळखता येते एवढ्या भांडवलावर, मला तेहतिसावा स्तंभ पाहता आला.

त्या स्तंभाच्या सातव्या ओळीत नेमके तेच घडले आहे. लेखकाने ‘गवत सुकते, फूल कोमेजते’ असे लिहिले आणि त्याला जोडून थेट ‘पण आमच्या देवाचे वचन सर्वकाळ उभे राहील’ हे लिहिले. परमेश्वराचा श्वास, लोक म्हणजे गवतच हा उद्गार आणि गवत-फुलाची दुसरी आवृत्ती, हे सगळे त्याच्याकडे नाही. वाक्य मात्र अगदी व्यवस्थित वाचले जाते. पुढे केव्हातरी दुसऱ्या एका हाताने ते शब्द भरून काढले आहेत. दोन ओळींमधल्या अरुंद जागेत त्याने बारीक अक्षरांत लिहायला सुरुवात केली, जागा संपली तेव्हा त्याची ओळ डाव्या समासात वळली आणि तिथे उभी राहिली. आपल्या पोथ्यांत गळालेल्या शब्दाच्या जागी काकपदाची (^) खूण करून तो शब्द समासात लिहीत, तसाच हा प्रकार आहे. या भरीच्या मजकुरात देवाचे नाव येते, आणि तिथे त्याने नाव न लिहिता चार ठिपके दिले आहेत. हिब्रूत ते नाव चार अक्षरांचे आहे आणि ते सहज लिहू नये, अशी त्याची भावना असणार. घाईत केलेल्या दुरुस्तीतही त्याचा हात त्या चार जागांशी थबकला, हे पाहून मी बराच वेळ तो पडदा पुढे सरकवला नाही.

देवाचे वचन सर्वकाळ टिकते असे सांगणाऱ्या वचनातलेच शब्द गळावेत, यात थट्टा करण्यासारखे काही नाही, असे मला वाटते. उलट, ते वचन टिकते म्हणजे नेमके काय घडते, हे त्या सातव्या ओळीइतके उघडपणे मी दुसरीकडे कुठेही पाहिलेले नाही.

प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. ही गळतीच आहे, असे सर्व अभ्यासक मानत नाहीत. ख्रिस्तपूर्व शतकांत झालेल्या बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरातही या ठिकाणी हाच आखूड पाठ आहे. त्यामुळे काहींच्या मते मूळ वचन आखूडच होते आणि ‘लोक म्हणजे गवतच’ हे एखाद्या वाचकाने समासात केलेले स्पष्टीकरण पुढे मजकुरात शिरले. उरलेल्यांचे म्हणणे असे, की ग्रीक भाषांतरकाराची किंवा त्याच्या समोरच्या प्रतीची नजरही याच जागी घसरली असेल, कारण ही जागाच तशी आहे. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे; पण तो पांडित्यातून आलेला नसून त्या तीन ओळींच्या अनुभवातून आलेला आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

दुरुस्ती करणारा माणूस कोण होता? नाव कुठेच नाही. मात्र हस्ताक्षराच्या जाणकारांना त्याच्या अक्षराचे वळण ओळखीचे वाटते. त्याच गुहेत सापडलेली, कुमरानला राहणाऱ्या ज्यू पंथाची नियमावली असलेली एक गुंडाळी याच हाताने लिहिलेली असावी, असे ते मानतात. आणि ती गुंडाळी यशयाच्या गुंडाळीपेक्षा काही दशकांनी अलीकडची आहे. याचा अर्थ असा, की ज्याची नजर घसरली तो लेखक दुरुस्तीच्या वेळी बहुधा जिवंत नव्हता. त्याची चूक त्याच्या मागे एक-दोन पिढ्या तशीच वाचली गेली असेल. मग दुसऱ्या कुणीतरी, दुसरी प्रत शेजारी ठेवून किंवा पाठ असलेल्या शब्दांच्या आधाराने, तिच्यावर बोट ठेवले. इ. स. ६८च्या सुमारास रोमन सैन्याने कुमरानची वस्ती उद्ध्वस्त केली, म्हणजे तो दुरुस्ती करणारा आणि त्याच्या पुढच्या पिढ्याही गेल्या. रांजण तेवढे गुहेत राहिले.

हे वचन ज्यांना उद्देशून उच्चारले गेले, त्यांची अवस्था आठवली तर त्यातले ‘गवत’ अधिक खरे वाटू लागते. अभ्यासकांच्या मते यशयाच्या ग्रंथाचा हा भाग बॅबिलोनमधल्या बंदिवासाच्या अखेरच्या काळातला आहे. इ. स. पू. ५८६च्या सुमारास जेरुसलेम पडले, मंदिर जळाले आणि लोकांना बॅबिलोनला नेण्यात आले, इ. स. पू. ५३९ मध्ये इराणच्या कुरुश राजाने बॅबिलोन जिंकले, तोवर जेरुसलेम डोळ्यांनी पाहिलेली बहुतेक माणसे परमुलखात मेलेली होती. आपल्याकडे श्रावणात हिरवा झालेला डोंगर मार्गशीर्षापर्यंत हळूहळू पिवळा पडत जातो. त्या प्रदेशात मात्र हिवाळी पावसानंतर वसंतात टेकड्या फुलांनी भरतात आणि वाळवंटाकडून उष्ण वारा सुटला, की दोन-चार दिवसांत सगळे करपून जाते. हिब्रूत वारा, श्वास आणि आत्मा या तिन्हींसाठी ‘रुआह’ हा एकच शब्द आहे, आणि सातव्या ओळीतून जे गळाले त्यात नेमका हाच शब्द होता.

आपल्याकडचे उदाहरण इथे आठवल्याशिवाय राहत नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, सांगून झाली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. सांगणाऱ्याचे वय तेव्हा पुरते विशीचेही नव्हते आणि परंपरेनुसार एकविसाव्या वर्षी त्यांनी आळंदीस समाधी घेतली. पुढची २९४ वर्षे तो ग्रंथ अनेकांच्या हातांतून आणि तोंडांतून गेला, आणि शके १५०६ मध्ये पैठणच्या एकनाथांना तो शुद्ध करावा लागला. ‘ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध ।’ असे त्यांनी अखेरीस नोंदवून ठेवले आहे. या अर्ध्या ओवीइतके काटेकोर विधान मी कुठल्याही संपादकाच्या प्रस्तावनेत वाचलेले नाही. ग्रंथ शुद्ध आहे आणि प्रत अशुद्ध आहे, ही दोन्ही वाक्ये एकनाथ एका श्वासात म्हणतात, आणि त्यांतले एकही मागे घेत नाहीत.

एकनाथ एवढ्या अधिकाराचे होते, म्हणून त्यांचे नाव राहिले. सामान्य लेखनिकाने पोथीच्या शेवटी ठराविक श्लोक लिहून हात जोडले. ‘यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया’, म्हणजे जसे पुस्तक पाहिले तसे मी लिहिले, शुद्ध असो की अशुद्ध, मला दोष देऊ नये. दुसऱ्या एका श्लोकात तो पाठ, कंबर आणि मान मोडून कष्टाने लिहिल्याचे सांगतो आणि ग्रंथ जपा अशी विनंती करतो. तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, असे तर पुस्तक स्वतःच बोलते. हे श्लोक शेकडो पोथ्यांत जसेच्या तसे येतात, म्हणून विद्वान ते सहसा ओलांडून पुढे जातात. मला मात्र त्यात बोलणारी पाठदुखी अगदी खरी वाटते.

ज्यू परंपरेने ही जोखीम ओळखून नकलेचा शिस्तबद्ध धर्मच केला. सभास्थानात, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, वाचल्या जाणाऱ्या तोराच्या (बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांच्या) गुंडाळीत ३,०४,८०५ अक्षरे असतात. लेखनिकाला सगळा मजकूर पाठ असला, तरी त्याने तो स्मरणातून लिहायचा नाही. समोर प्रत ठेवायची आणि प्रत्येक शब्द लिहिण्याआधी मोठ्याने उच्चारायचा. नानांच्या मोठ्याने वाचण्यामागे किती जुनी विद्या होती, हे मला इतक्या वर्षांनी कळले. एक अक्षर गळाले तरी ती गुंडाळी दुरुस्त होईपर्यंत वाचनास अपात्र ठरते. साधी चूक खरवडून सुधारता येते. देवाच्या नावात चूक झाली तर मात्र ते नाव खोडता येत नाही, तो कातड्याचा तुकडाच बदलावा लागतो. पुढे साधारण सातव्या ते दहाव्या शतकांत तिबेरियासारख्या ठिकाणच्या पंडितांनी स्वरांच्या खुणा बसवल्या, कुठला शब्द ग्रंथात किती वेळा येतो याची मोजदाद केली आणि ती बारीक अक्षरांत समासात लिहून ठेवली, म्हणजे पुढच्या नक्कल करणाऱ्याची नजर घसरली, तर आकड्याने त्याला पकडावे.

एवढे करूनही वस्तू म्हणून ग्रंथ सुरक्षित राहत नाही. या पंडितांच्या परंपरेतली सर्वांत मान्यवर प्रत दहाव्या शतकातली. ती सीरियातल्या अलेप्पो शहराच्या सभास्थानात शतकानुशतके जपलेली होती. १९४७च्या अखेरीस तिथे दंगल झाली, सभास्थानाला आग लागली, आणि सुमारे ४८७ पानांपैकी आज २९५ च्या आसपास उरली आहेत. तोराचा जवळजवळ सगळा भाग गेला. ज्या वर्षी कुमरानचे रांजण उघडले, त्याच वर्षी हे घडले. यशयाची पाने मात्र त्या प्रतीत वाचली आहेत, आणि त्यांत हे वचन लांब पाठासह पूर्ण आहे.

झिजलेल्या ग्रंथाचे काय करायचे, या प्रश्नाला त्या समाजाने दिलेले उत्तर मला फार आवडते. देवाचे नाव असलेले कागद किंवा कातडे फेकायचे नाही, जाळायचे नाही; ते एका बंद जागेत साठवायचे आणि पुढे माणसासारखे दफनभूमीत पुरायचे. कैरोच्या एका जुन्या सभास्थानातली अशी साठवण पुरायची राहून गेली. १८९६ साली हिब्रूचे अभ्यासक सॉलोमन शेख्टर तिथे पोचले, तेव्हा जवळपास हजार वर्षांचे लाखो तुकडे त्या खोलीत होते, आणि त्यांत धर्मग्रंथांच्या पानांबरोबर व्यापाऱ्यांची पत्रे, लग्नाचे करार आणि मुलांच्या अक्षर गिरवण्याच्या वह्याही होत्या. आपल्याकडे जीर्ण पोथी नदीत सोडण्याची रीत होती. भावना तीच आहे, हे मान्य. पण किती बखरी, किती बाडे आणि किती गाथा या आदरापोटी पाण्यात गेल्या असतील, हा विचार मनात आला, की मला त्या रीतीविषयी प्रेमाने बोलता येत नाही.

आमच्या शाळेत माझ्या बाकावर एक मुलगी बसत असे. तिचे आजोळ अलिबागकडचे, आजी नऊवारी नेसणारी, बोलणे अस्सल कुलाबी मराठी, आणि घरी शनिवारी चूल पेटत नसे. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, या शब्दाचा अर्थ मला पहिल्यांदा त्या घरात कळला. त्यांची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे गलबत कोकण किनाऱ्यावर नवगावजवळ फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि ग्रंथ समुद्रात गेले. ते गावोगाव तेल गाळू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. हिब्रू विसरली गेली. उरले ते एक वचन: ‘शेमा इस्रायल’, म्हणजे हे इस्रायला, ऐक. सुंतेच्या वेळी तेच, लग्नात तेच आणि मृत्यूच्या वेळीही तेच. एवढ्या मोठ्या ग्रंथाचे एक वाक्य हाती धरून हा समाज पिढ्यान्‌पिढ्या राहिला, आणि पुढे दाविद रहाबी नावाच्या प्रवाशाने अशा उरलेल्या खुणांवरून हे आपले लोक आहेत हे ओळखले, असे सांगतात. १७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान उभे राहिले आणि १८४६ साली वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचायची पोथी मराठी भाषांतरासह मुंबईत छापली गेली. माझ्या मैत्रिणीची आजी हिब्रू अक्षरे वाचू शकत नव्हती. पण झोपण्यापूर्वी उजव्या हाताने डोळे झाकून ते वचन पुटपुटताना मी तिला पाहिले आहे. घरातली फाटलेली प्रार्थनापुस्तके ती जुन्या उशीच्या अभ्ऱ्यात बांधून कपाटावर ठेवी. रद्दीवाला आला, की त्या गाठोड्याकडे बोट दाखवून ती म्हणायची, ‘ते नव्हं हो, ते आमच्यासंगं जायचं.’

आता केडगावविषयी. पुण्याहून दौंडकडे जाताना हे स्थानक लागते, आणि निराधार बायकांना आसरा देणारे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तिथलेच. १८५८ साली जन्मलेल्या या बाईंच्या आयुष्याकडे मी आजवर समाजसुधारणेच्या बाजूने पाहत आले. अलीकडे त्यांच्याकडे पाहताना मला मुद्रिते दिसू लागली आहेत. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थक्षेत्री पुराण सांगत कुटुंबासह हिंडत. आईने मुलीला संस्कृत शिकवले, आणि बाराव्या वर्षापर्यंत पुराणांतले १८,००० श्लोक तिला पाठ होते, असे सांगितले जाते. मग दुष्काळात वडील गेले, मागोमाग आई गेली, थोरली बहीण गेली; १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी पटकीने गेले. चोवीस वर्षे पुरी होण्याआधी तिच्या घरातली जवळजवळ सगळी माणसे संपली होती. मागे राहिली एक लहान मुलगी आणि तोंडपाठ असलेले ग्रंथ.

पुढे ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरासाठी दिली. मराठीत बायबल नव्हते असे नाही; मिशनरी विल्यम केरींनी बंगालमधल्या श्रीरामपूरहून १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ साली नवा करार छापला होता, आणि त्यानंतर इतरही भाषांतरे झाली होती. पण ती संस्कृतप्रचुर होती, आणि मुक्तीत आलेल्या, दुष्काळातून वाचलेल्या, अक्षरओळख नुकतीच झालेल्या बायकांना ती कळत नव्हती. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला संस्कृतसाठी ‘सरस्वती’ ही पदवी दिली, ती बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकते आणि धान्य निवडणाऱ्या बाईला समजेल असे मराठी शोधत बसते, हे मला तिच्या बाकीच्या पराक्रमांइतकेच मोठे वाटते. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या आणि बांधणी करणाऱ्या बायकाच होत्या. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, जिच्या हाती सगळे सोपवायचे होते. रमाबाई मुद्रिते तपासतच राहिल्या. शेवटची मुद्रिते पुरी होईपर्यंत आयुष्य मिळावे, अशी प्रार्थना त्यांनी केली, असे त्यांच्या जवळच्यांनी लिहून ठेवले आहे. मुद्रिते संपली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ग्रंथ बाहेर पडला तो १९२४ साली.

हे भाषांतर फारसे चालले नाही. चर्चमध्ये रूढ झाले ते बायबल सोसायटीचे, आणि त्याच्याही पुढे सुधारित आवृत्त्या निघाल्या. आपण ‘अक्षर’ या शब्दाची फोड ‘जे झिजत नाही ते’ अशी करतो आणि त्यावर खूश होतो; परंतु मुद्रणालयात ज्याने दिवस काढले आहेत, त्याला माहीत असते, की अक्षरे झिजतात. काही हजार प्रतींनंतर शिशाच्या खिळ्याचे तोंड गुळगुळीत होते, ‘थ’ आणि ‘य’ ओळखू येईनासे होतात, मग ते खिळे वितळवून त्याच शिशाची नवी अक्षरे ओततात. रमाबाईंचे मराठी त्या अर्थाने वितळले. ते केडगावच्या बायकांच्या एका पिढीने मात्र वाचले, आणि त्यांच्यापैकी कितीजणींना यशयाचे ते वचन पाठ असेल, याची मी कल्पना करते, कारण गवत म्हणजे काय हे समजण्यासाठी दुष्काळातून आलेल्या बाईला टीपेची गरज नव्हती.

श्रद्धावान वाचक मला म्हणतील, की वचन म्हणजे शाई नव्हे, कातडे नव्हे आणि भाषांतरही नव्हे. ते देवापाशी आहे, आणि माणसांनी ओळी गाळल्या काय किंवा भरल्या काय, त्याला बाधा येत नाही. त्यांच्याशी वाद घालण्याचा अधिकार मला नाही. मी फक्त पानाकडे पाहू शकते, आणि पानावर मला सतत कुणाचा तरी हात दिसतो. त्या शिक्षकांच्या पुस्तकाची पुढची आवृत्ती निघाली नाही, कारण ती काढावी असे त्यांच्यामागे कुणालाही वाटले नाही, आणि त्यात मीही आले. यशयाच्या बाबतीत दर पिढीत ते कुणाला तरी वाटत राहिले.

जेरुसलेमच्या संग्रहालयात या गुंडाळ्यांसाठी १९६५ साली बांधलेली खास वास्तू आहे, जिचे पांढरे छत त्या रांजणांच्या झाकणासारखे आहे. मधोमध एका गोल उंचवट्याभोवती यशयाची संपूर्ण गुंडाळी उलगडून लावलेली दिसते. सुरुवातीला तिथे अस्सल गुंडाळी होती, पण ताणलेल्या कातड्याला धोका दिसू लागला, म्हणून ती काढून अंधाऱ्या, थंड कोठारात ठेवली गेली. आज माणसे दूरदेशांहून येऊन काचेपलीकडे पाहतात, ती तिची नक्कल आहे. त्या नकलेत तेहतिसाव्या स्तंभाच्या सातव्या ओळीतली गळती तशीच ठेवलेली आहे, आणि वरच्या फटीतून समासात वळलेली ती बारीक ओळही, चार ठिपक्यांसकट.